चौथी पेटी रिकामी

१

सोमवारी सकाळी सात वाजता ताईने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि नऊ नंबरच्या पेटीकडे नजर जाताच ती जागीच थांबली. पेटीतला बेडूक उताणा पडला होता. पांढरं पोट वर, चारही पाय ताठ. सोळा वर्षं बेडूक सांभाळणाऱ्या बाईला मेलेला बेडूक ओळखायला चष्मा लागत नाही.

खोलीत भिंतीलगत बारा काचेच्या पेट्या होत्या आणि प्रत्येकीत अंगठ्याएवढा एकेक बेडूक. या जातीचे जगात तेवढेच उरले होते. डोंगरातल्या ओढ्यांत कुठूनशी एक बुरशी शिरली, बेडकांच्या कातडीला चिकटली आणि दहा वर्षांत ओढेच्या ओढे मुके झाले. त्याआधी जे चारदोन उचलून इथे आणले गेले, त्यांच्यातला एक नर उरलेला, बाकी सगळी त्यांचीच पिल्लावळ. त्यातही अकरा नर आणि मादी एकच. तिला सगळे ‘थोरली’ म्हणत. तिच्या पोटात अंडी भरली होती आणि येत्या गुरुवारी तिची नराशी गाठ घालून द्यायची होती. ती गेली तर जातच संपली, हे कळायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती.

ताई जीव मुठीत धरून ओळीने बघत गेली. एक नंबरचा मेलेला. दोन नंबरचा मेलेला, पण अंग अजून लवचीक होतं. तीन नंबरचा धापा टाकत होता. चार नंबरच्या पेटीचं झाकण नीट बसलेलं होतं, खिटीही अडकवलेली होती. आत शेवाळ, बांबूचं नळकांडं आणि पाण्याची ताटली, सगळं जागच्या जागी होतं.

थोरली मात्र नव्हती.

ताईने शेवाळ बोटांनी विंचरून काढलं, नळकांडं उलटं करून ठोकलं, मग गुडघ्यांवर बसून सगळ्या पेट्यांच्या खाली हात फिरवला. बाहेरून लावलेल्या खिटीच्या पेटीतून बेडकी आपणहून जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती शोधत राहिली, कारण थांबली असती तर रडूच फुटलं असतं.

२

डॉक्टर धावत आले. येऊन जेमतेम दोन महिने झालेले, अंगाने किडकिडीत, बोलताना सारखे घड्याळाकडे बघणारे. त्यांनी नऊ नंबरचा बेडूक उचलला, उजेडात धरला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“कातडी लाल झालीय. पोटाखाली सोलतेय,” ते म्हणाले. “ताई, ही बुरशी असावी.”

झाडलोट करणारी मावशी दारातच थबकली. “आणि थोरलीला काय बुरशीने पाय फुटले? झाकण लावून गेली ती?”

डॉक्टरांनी परगावी बैठकीला गेलेल्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“पलीकडच्या इमारतीत आणखी सहा जातींचे बेडूक आहेत. बुरशी तिकडे गेली तर सगळंच संपलं. आग लागल्यावर एक घर पाडून वस्ती वाचवतात, तसं करावं लागेल. अकरा वाजता तपासनीस बाई पोचतील. बुरशी नाही असं त्यांनी लिहून दिलं तर ठीक. नाहीतर पाच वाजता उरलेल्यांना झोपवा आणि खोली धुऊन काढा.”

झोपवा म्हणजे काय ते तिघांनाही कळत होतं. मावशीने पदर तोंडाशी धरला. ताई मात्र घाबरली ती निराळ्याच कारणाने, आणि ते कारण तिला उघड करायची सोय नव्हती.

शनिवारी ती भाचीला घेऊन ओढ्यावर गेली होती. भाची हट्टाला पेटली, पाण्यात पाय बुडवून बसायचं म्हणाली, आणि ताईही बसली. ओढ्यावर गेलेल्या माणसाने तीन दिवस बेडकांच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही हा इथला नियम. रविवारी मात्र कामावर तिची एकटीचीच पाळी होती. नियम तिच्या डोक्यातच राहिला नाही. दुपारी एकला सगळ्यांना किडे चारून ती बाहेर निघाली, दाराबाहेर काढलेल्या चपला घालायला वाकली आणि पट्ट्यात वाळलेला चिखल दिसला.

तिने घाबरून एकालाच फोन केला होता, मामांना. तिच्या आईचे सख्खे भाऊ. डोंगरात आठ दिवस मुक्काम ठोकून पहिले बेडूक त्यांनीच डब्यातून आणले, ही खोली त्यांनी उभी केली, ताईला कामाला त्यांनीच लावलं. पाच महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले होते. सगळं ऐकून मामा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आज तोंड उघडू नकोस. काय सांगायचं ते उद्या सांग.”

आता तो उद्या उजाडला होता आणि ताईने अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

३

तपासनीस बाई बुटक्या, जाड आणि घामाघूम होत्या. आत शिरताना त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि पेट्यांपासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

“आधीच सांगते, मला बेडकांची किळस येते,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच मला पाठवतात. तुम्ही सगळे त्यांच्या प्रेमात आंधळे झालेले असता. हं, डॉक्टर, आधी कोण मेला?”

“म्हणजे?”

“चौघांना एकाच वेळी लागण झाली असं दिसत नाही. ताठर कोण, लवचीक कोण?”

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. नऊ नंबरचा सगळ्यात ताठर. मग एक नंबरचा, मग दोन. तीन अजून जिवंत. बाई पुटपुटल्या, “नऊ, एक, दोन, तीन. आणि चार गायब.” मग त्यांनी दाराबाहेरच्या बाकावर एकेकाला बोलावलं.

डॉक्टर शनिवार-रविवार बहिणीकडे होते. बहीण, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई साक्षीला होत्या. खोलीची किल्ली मात्र त्यांच्या खिशातच होती.

“थोरली कुठल्या पेटीत होती?”

“चार. आधी नऊमध्ये असायची. नऊच्या डोक्यावरची गार हवा तिला सोसेना म्हणून शुक्रवारी हलवली, आणि चारमधला नर नऊमध्ये ठेवला. झाकण मावशींनी धरलं, बेडकी ताईंनी उचलली, मी नुसता उभा होतो.”

मावशी बाकावर बसलीच नाही. “माझ्यावर संशय घ्यायचा तर सरळ घ्या बाई. किल्ली माझ्याकडेही आहे. पण मी त्यांना हात लावत नाही, मी जमीन पुसते आणि बादल्या भरते. दारापाशी दोन बादल्या आहेत ना, एकीत औषध, एकीत पाणी. आत जाताना मोजे घातलेले हात आधी औषधात, मग पाण्यात. तेही नवीन औषध मेलं असलं बिनवासाचं, की घातलं की नाही तेच समजत नाही. जुन्याने नाकातले केस जळायचे.”

“काल बादल्या कुणी भरल्या?”

“काल माझी सुट्टी. ताईंनी.”

शेवटी ताई बसली. बाईंनी विचारलं तेवढंच तिने सांगितलं. पाळी, वेळ, किती किडे, कुठल्या पेटीपासून सुरुवात. आवाज आपला नसून दुसऱ्या कुणाचा आहे असं तिला वाटत होतं. काचेपलीकडे डॉक्टर औषधाची कुपी आणि सुई मांडून ठेवताना दिसत होते. आठ सुया होत्या, उरलेल्या आठ बेडकांसाठी.

“तुम्ही काहीतरी दडवताय,” बाई म्हणाल्या.

ताईला आणखी दडवून ठेववलं नाही. “मी आणली,” ती म्हणाली. “बुरशी मी आणली.”

४

ओढा, भाची, चपला, पट्ट्यातला चिखल, सगळं तिने सांगून टाकलं. सांगताना रडू आलं, ते तिने पुसलंही नाही. फक्त मामांचं नाव घेतलं नाही. या वयात त्यांना कशाला यात ओढायचं, एवढाच विचार.

बाईंनी शांतपणे एक पेपरमिंट काढून तोंडात टाकली.

“कुणाला बोललात हे?”

“नाही.”

“बरं. आता ऐका. ओढ्याची चप्पल घालून इथवर येणं हा गाढवपणा आहे, आणि त्याबद्दल साहेब तुम्हाला झाडतील ते झाडतील. पण बुरशी अशी एका दुपारीत बेडूक मारत नाही. तिला आठवडे लागतात. आणि ती नऊवरून उडी मारून एकवर येत नाही. मधले पाच ते आठ ठणठणीत. दहा, अकरा, बारा ठणठणीत. बुरशीला कधी नंबर वाचता आलेत?”

ताईने वर पाहिलं. छातीवरचा धोंडा जरासा हलला, पण त्याखाली दुसरी भीती होतीच. “मग काय झालं?”

बाईंनी पिशवीतून कागदी पट्ट्यांची डबी काढली. पाण्यात औषधाचा अंश असेल तर त्या निळ्या होत. “तुम्ही बुडवा,” त्या म्हणाल्या, “मी त्या पाण्याजवळ जाणार नाही.”

नऊ नंबरच्या ताटलीत पट्टी गडद निळी झाली. एक नंबरला निळी. दोन नंबरला फिकट. तीन नंबरला पुसट. चौथ्या, रिकाम्या पेटीत इतकी पुसट, की खिडकीशी नेऊन बघावी लागली. पाचव्या पेटीत काहीच नाही.

डॉक्टर तिथेच खाली बसले. “म्हणजे औषध. बेडूक पाणी कातडीने पितात. तेच त्यांच्या अंगात...”

“कुणाच्या तरी हातांवर ते होतं,” बाई म्हणाल्या. “तो माणूस आधी नऊकडे गेला. तिथे हवी ती मिळाली नाही. मग एकपासून शोधत निघाला, प्रत्येक पेटीत हात घालून, लपलेला बेडूक उचलून, पोट बघून. दर पेटीत हात थोडे धुतले गेले. चारमध्ये थोरली सापडली आणि तो थांबला. म्हणून पाचपासून पुढचे वाचले.”

“चोर!” मावशी म्हणाली.

“कसला चोर? चोर हातमोजे औषधात बुडवून आत येतो का? झाकण लावून खिटी अडकवून जातो का? हा माणूस इथला आहे. त्याला बेडकांना हात कसा लावायचा ते ठाऊक आहे, आणि जिवापाड जपून त्याने हात लावला. फक्त पाण्याऐवजी शेवटी औषधात बुडवून.” बाई ताईकडे वळल्या. “बादल्या सारख्याच दिसतात. चिठ्ठी का नाही?”

“होती,” ताई खालमानेने म्हणाली. “ओलीने गळून पडली. नवीन लावू लावू म्हणत राहिले. पण आम्हा तिघांना पाठच आहे. डावीकडे औषध, उजवीकडे पाणी.”

“पहिल्यापासून?”

ताईने भिंतीवरच्या नळाकडे पाहिलं.

५

पहिल्यापासून नाही. तीन महिन्यांपूर्वी उजव्या भिंतीला नवा नळ बसला. भरायला सोपं म्हणून पाण्याची बादली उजवीकडे आली आणि औषधाची डावीकडे गेली. त्याआधी सोळा वर्षं नेमकं उलटं होतं. सोळा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी तिचं मनगट धरून कुणीतरी शिकवलं होतं, आधी उजवीकडे, मग डावीकडे, डोळे मिटून जमलं पाहिजे.

बाई बोटं मोजत होत्या. “डॉक्टर आले नळ बसल्यानंतर, त्यांना जुनी पद्धत माहीतच नाही. मावशी रोज आपल्या हाताने औषध कालवतात, त्या चुकणार नाहीत. ताई, थोरलीला तुम्हीच चारमध्ये ठेवलंत, तुम्ही नऊमध्ये कशाला शोधाल? साहेबांनी आयुष्यात बेडकाला हात लावलेला नाही, हे मला त्यांनीच अभिमानाने सांगितलंय. तेव्हा मला हवाय तो माणूस शुक्रवारी इथे नव्हता, तीन महिन्यांत आत आलेला नाही, पण त्याआधी इथेच वाढलाय. आणि त्याच्याकडे किल्ली आहे. असा कुणी आहे?”

मावशी ताईकडे बघत होती. मामा निवृत्त झाले तेव्हा किल्ली परत मागायचा साहेबांना धीर झाला नव्हता, हे मावशीलाही माहीत होतं.

“मी खोटं बोलले,” ताई म्हणाली. “मी काल एकाला फोन केला होता. मामांना.”

मग तिला सगळं एकदमच दिसलं. फोनवरची ती शांतता. आज तोंड उघडू नकोस. मामांनी हिशेब केला असणार, की उद्या ही बोलेल, उद्याच सगळ्यांना मारायचा हुकूम निघेल, हातात काय ती आजची दुपार. बाराही वाचवता येणार नाहीत, पण एक वाचवता येईल. जिच्या पोटात अंडी आहेत ती.

“भीतीने केलं त्यांनी,” ती म्हणाली. “माझ्या भीतीने.”

“ते नंतर,” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज घाईचा झाला. “तिच्या अंगालाही औषध लागलंय. सगळ्यात कमी, कारण ती शेवटची. पण तीन नंबरला तिच्यापेक्षा जरासंच जास्त लागलं होतं आणि तो बघा कसा पडलाय. डॉक्टर, तुमच्या सुया उचला. बुरशी नाही, मी लिहून देते. तीन नंबरला निवळलेल्या पाण्याने धुवायला घ्या, सारखं पाणी बदलत. ताई, त्यांचं घर किती लांब?”

“दहा मिनिटं.”

“पाण्याचे डबे घ्या.”

६

रस्ताभर ताई मांडीवर डबा धरून बसली होती. कालची दुपार, रात्र, आजची सकाळ. जवळजवळ चोवीस तास झाले होते. गाडी प्रत्येक चौकात थांबली तेव्हा तिला ओरडावंसं वाटलं. बाई गाडी चालवता चालवता एकदाच बोलल्या, “मेली असली तर आधी मला सांगा. तुम्हा मामा-भाचीला सोडून मी बाहेर उभी राहीन.” ताईला त्यातली माया कळली.

मामींनी दार उघडलं. “बरं झालं आलीस ग. कालपासून न्हाणीघराला कडी घालून बसलेत. मला अंघोळीला शेजारी जावं लागलं. विचारलं तर वसकन अंगावर येतात.”

ताईने न्हाणीघराचं दार वाजवलं. “मामा, मी आहे.”

मग कडी निघाली.

खिडकीला ओलं पोतं लावलेलं होतं. जमिनीवर बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, मधोमध घंगाळ, घंगाळात शेवाळ. मामा पाटावर बसले होते, दाढी वाढलेली, डोळे लाल. एका रात्रीत ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

“घेऊन जाऊ देणार नाही मी,” ते म्हणाले. “बाराच्या बारा मारायला निघालेत ते. ही एक राहू दे, पोरी.”

“मामा, बुरशी नव्हती. आधी मला बघू द्या तिला.”

शेवाळात थोरली एका कुशीवर कलली होती. मागचे पाय लाल, मांडीवरची कातडी सुटत आलेली. तिने हातमोजे चढवले, नुसत्या पाण्यात तीन वेळा खळबळले, थोरलीला तळव्यावर घेतलं आणि डब्यातलं पाणी तिच्या अंगावर हळूहळू सोडत राहिली. एक डबा संपला. थोरली हलली नाही. दुसरा उघडला. दारात बाई रुमाल तोंडावर धरून उभ्या होत्या, आणि किळस येत असूनही त्यांची नजर ढळत नव्हती. मामा काही न विचारता बघत होते, कारण पाणी असं कधी सोडतात ते त्यांनीच शिकवलं होतं.

तिसऱ्या डब्याच्या निम्म्यावर थोरलीच्या गळ्याखालची कातडी उडाली. एकदा. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, आणि मग उडतच राहिली. तिने एक पाय पोटाशी ओढून घेतला.

मामींनी भिंतीला हात टेकला. बाईंचा फोन वाजला, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर. तीन नंबरचा उठून बसलाय.”

मामांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “बुरशी नव्हती म्हणतेस? म्हणजे हुकूम रद्द? सगळे आहेत?” ते घाईने उठायला लागले, गुडघ्याला हात देत. “मग चल, लगेच नेऊ हिला. पण हिला झालं काय होतं? आणि तीन नंबरला काय झालं? थांब. बाकीचे कसे आहेत?”

ताईने बाईंकडे पाहिलं. बाई खाली बघत होत्या. हे काम त्यांचं नव्हतं.

कालपासून जी भीती तिला खात होती ती या भीतीपुढे काहीच नव्हती. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. आजारी पडले, दगावले, असं होतं कधीकधी. पण या माणसाने तिला बेडकांविषयी एकही खोटी गोष्ट कधी सांगितली नव्हती.

“नऊ गेला, मामा,” ती म्हणाली. “एक आणि दोन पण. नवीन नळ बसला तेव्हा आम्ही बादल्या बदलल्या. औषध आता डावीकडे असतं. चिठ्ठी मी लावायला हवी होती. नाही लावली.”

मामा निम्मे उठलेले होते, तसेच राहिले. मामींना काही कळलं नाही, त्या एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. मामांनी आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, आधी तळवे, मग मागची बाजू. मग ते हळूहळू भिंतीपर्यंत मागे सरले आणि हात पाठीमागे नेऊन घट्ट बांधून उभे राहिले.

“डोंगरातून आणलेल्यांपैकी नऊमधला तेवढा उरला होता,” ते म्हणाले.

“हो.”

थोरलीला डब्यात ठेवायचं होतं. ताईने तिला शेवाळात टेकवून डबा मामांपुढे धरला, नेहमीसारखा, कारण तिला एका जागेतून दुसऱ्या जागेत हलवायचं काम आजवर त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. मामांनी मान हलवली. हात पाठीमागेच होते.

“तू उचल,” ते म्हणाले.

ताईने उचललं.